परतीची जाळी

“या. तुम्ही आल्या, की झालं घर थंड,” पांढरीपांडेकाकांनी दार उघडता उघडताच सुनावलं. “आता असं करा, शिडी, मीटर, जे काय असेल ते घेऊन इथंच राहायला या. एक खोली देतो.”

मी चपला काढून हॉलमध्ये आले आणि छताजवळच्या झडपेसमोर हात धरला. थंडगार झोत. बाहेर नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. नागपूरचं ऊन असं, की कामावर निघताना स्कूटीची सीट बसण्याआधी फडक्यानं चार वेळा झोडपावी लागत होती. आत मात्र अंगावर शाल घ्यावी असा गारवा.

“चालू आहे की, काका.”

“आता चालू आहे! तुम्हाला फोन केला तेव्हा मी इथं बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेऊन राहिलो होतो. भिंती तापल्या होत्या भिंती. विचारा हिला. अगं, ऐकलंस का? सांग यांना.”

काकू पॅसेजच्या टोकाला देवघरात बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, ओठांत जप चाललेला. त्यांनी मान हलवली, पण वळल्या नाहीत.

“ती काय सांगणार,” काका म्हणाले. “अधिक महिना लागल्यापासून तिचं तोंड देवाकडे आणि पाठ माझ्याकडे.”

माझ्यामागून शिडी घेऊन प्रमोदभाऊ आले. शिडी भिंतीला लावून ते वर चढले, पुन्हा एकदा. त्या घरात ती शिडी आम्ही किती वेळा लावली असेल, तिच्या पायांचे डाग फरशीवर उमटले होते आणि काकांनी ते मला बोटानं दाखवलेही होते.

मी तेव्हा नुकती एम.एस्सी. झाले होते, पदार्थविज्ञानात. पीएच.डी.ची जागा मिळेपर्यंत काहीतरी करावं म्हणून प्रमोद सोनकुसरे यांच्याकडे लागले. एका मोठ्या विक्रेत्याकडची नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं होतं. घरांना सेंट्रल एसी बसवून द्यायचं. म्हणजे प्रत्येक खोलीत वेगळा डबा नाही. एकच यंत्र, त्यातून पत्र्याच्या नळ्या छतातून खोल्याखोल्यांत जातात आणि थंड हवा सोडतात. घरभर फिरून आलेली हवा पॅसेजमधल्या एका मोठ्या जाळीतून यंत्र परत ओढून घेतं. घर मोजायचं, किती उष्णता आत येते त्याचं गणित करायचं आणि बसवल्यावर हवेचा दाब तपासायचा, हे माझं काम.

त्या वर्षी वीज कंपनीनं एक योजना काढली होती. जुने एसी काढून कमी वीज खाणारं असं यंत्र बसवलं, की खर्चाचा एक चांगला भाग बिलातून परत. अट अशी, की कंपनीच्या यादीतल्याच माणसाकडून बसवून घ्यायचं आणि नंतर बाहेरचा तपासनीस येऊन पाहणार. तपासणी दोनदा नापास झाली, की बसवणाऱ्याचं नाव यादीतून बाद; ग्राहकाला मात्र दुरुस्ती झाली, की सवलत मिळतेच. आणि यादीत नाव नसेल तर सवलत नाही. सवलत नाही तर गिऱ्हाईक आपल्याकडे येतं कशाला?

प्रमोदभाऊंचा एक नापास आधीच झालेला होता. दिघोरीच्या एका घरात मालकिणीनं झडपांवरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं. मुलीच्या लग्नापर्यंत नवं राहावं म्हणून. तपासनीस आला तेव्हा प्लास्टिक लपवलं खरं, पण चिकटपट्टीचे तुकडे आत ओढले जाऊन नळीत अडकलेले. दाब भलताच आला. बाई म्हणाल्या, “आम्ही कशाला काही लावू? यांनीच तसं बसवलं.” कारण ग्राहकानं छेडछाड केली असं ठरलं, तर ग्राहकाची सवलत जाते. मग कोण कबूल करतो?

तेव्हा पांढरीपांडेकाकांचं घर नापास झालं, की सोनकुसरे एअरकंडिशनिंग संपलं. हे भाऊंना माहीत होतं, मला माहीत होतं आणि दुर्दैवानं काकांनाही माहीत होतं. ते सिंचन खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. ठेकेदाराला कुठं धरायचं ते त्यांना शिकवायची गरज नव्हती.

“सोनकुसरे,” ते शिडीखाली उभे राहून म्हणाले, “मी धरणं बांधली आहेत. तुमचं एक खोकं मला फसवू शकत नाही.”

“नाही ना काका. फसवायचं कशाला?”

“मग दुपार झाली की हे कोमात कसं जातं? आणि तुमची गाडी फाटकाशी लागली, की शुद्धीवर कसं येतं?”

नेमका हाच प्रश्न माझाही होता. मला शिकवलं गेलं होतं, की यंत्र माणूस पाहून वागत नाही. मी एकेक शक्यता घेऊन खोडत आले होते. विजेचा दाब कमी पडतो? नाही. आतला वायू गळतो? मग तो परत कसा भरतो? गाळणी घाणेरडी? मी स्वतः काढून पाहिली, नवी कोरी. परतीची जाळी? काकूंच्या शेजारीच होती, देवघराला लागून, जमिनीपासून थोडी वर. मोकळी, स्वच्छ, तिच्यातून हवा सूं करून आत जात होती. शेवटी मी तापमान नोंदवणारी एक छोटी डबी यंत्राच्या तोंडाशी चिकटवून ठेवली. तिनं मला आणखीच वेड लावलं. सकाळी पूजेच्या सुमारास हवा गार. मग हळूहळू गारवा मंदावत जायचा. दुपारी यंत्र जवळजवळ मेलेलं. मग काका वैतागून बटण बंद करणार, मला फोन करणार, मी “निघालोच” म्हणणार, आणि आम्ही पोहोचून बटण लावलं, की सगळं झकास.

“भाऊ, त्यात बर्फ धरतो आहे,” परत जाताना गाडीत मी म्हणाले. “दुसरं काही असूच शकत नाही. हवा कमी मिळाली, की आतल्या गार नळ्यांवर पाणी गोठतं. बर्फानं वाट आणखी अडते, आणखी बर्फ. काका बंद करतात आणि आपण पोहोचेपर्यंत तो वितळून जातो.”

“पण हवा कमी कशानं मिळते?”

“तेच तर कळत नाही! सगळं मोकळं आहे!”

भाऊंनी मेट्रोच्या खांबांसाठी खणलेल्या खड्ड्याला वळसा घातला. “तुमचं गणित तर बरोबर आहे ना, मॅडम?”

“तीनदा केलं.”

“मग चौथ्यांदा करा. माझ्याकडे दुसरं काही नाही करायला.”

मला राग आला. चौथ्यांदा केलं. उत्तर तेच.

त्यातच काकांचा फोन: तपासणीचा दिवस त्यांनी परस्पर ठरवून टाकला होता. त्याच दिवशी पुण्याहून लेक-जावई येणार होते. अधिक महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण.

“काका, जेवणाच्या दिवशी कशाला? गर्दी असते, स्वयंपाकघर तापलेलं असतं…”

“म्हणूनच! जावई पाहू देत ना नागपुरात राहून आम्ही कसं घर थंड ठेवलं ते. पुण्याचे लोक उगीच हवेचा तोरा मिरवतात.”

*

तपासनीस तायडे वेळेवर आले. किडकिडीत, चष्मा, हातात पिवळी पेटी. चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांनी यंत्र पाहिलं, नळ्या पाहिल्या, पॅसेजमध्ये जाऊन परतीच्या जाळीसमोर मीटर धरलं. देवघरात काकू नेहमीसारख्या पाठमोऱ्या बसलेल्या होत्या, नऊवारी सोवळं नेसून.

“सोवळ्यात आहे, तिला शिवू नका,” काका हॉलमधून ओरडले.

“पहिला आकडा उत्तम आहे,” तायडे म्हणाले. “आता तासभर सलग चालू द्यायचं, मग दुसरा. तो आला की झालं.”

प्रमोदभाऊंनी इतका मोठा श्वास सोडला, की तायड्यांनी वळून पाहिलं.

“मग बसा पानावर,” काका म्हणाले.

“नाही, आम्हाला ग्राहकाकडे चहाही घ्यायची परवानगी नाही.”

“चहा कोण देऊन राहिलं? हे अधिकाचं जेवण आहे. दारात आलेला माणूस आज उपाशी गेला तर मला पाप, तुम्हाला पाप आणि तुमच्या कंपनीला पाप.”

“काका,” मी हात जोडले, “तास होऊ द्या, दुसरा आकडा घेऊ, मग निवांत जेवू.”

“पोरी, पोळी गरम आहे. आकडा गार झाला तरी चालतो.”

जावई श्रीरंगराव हसले. मला हसू येईना. पण बसावं लागलं. भाऊही बसले, तायडेही बसले, पेटी मांडीशी घेऊन. लेक माधवी वाढत होती. काकूंनी पुरणपोळी वाढली, तुपाची धार धरली, श्रीरंगरावांपुढं चांदीच्या ताटलीत अनारसे ठेवले, त्यावर निरांजन ठेवून ओवाळलं आणि नैवेद्याचं ताट घेऊन त्या आत गेल्या.

जेवण लांबत गेलं. काकांनी धरणाच्या गोष्टी काढल्या. तायड्यांना तिसरी पोळी वाढली गेली. मी घड्याळाकडे पाहत होते, आणि मग पानाकडे. मघाशी भातावरची वाफ तिरकी जात होती, वरच्या झडपेच्या झोतानं. आता ती सरळ वर चढत होती.

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनीही वाफेकडेच पाहिलं होतं. त्यांचा घास हातातच राहिला.

थोड्या वेळानं श्रीरंगरावांनी रुमाल काढून कपाळ टिपलं. “जरा उकडतं आहे का?” ते सौम्यपणे म्हणाले.

झालं.

काका उठून उभे राहिले, हात उष्टाच. “पाहिलं? पाहिलं ना तायडे? हे असं आहे! रोज! आणि हे दोघं येऊन मला म्हणतात, चालू आहे की काका!”

तायड्यांनी हात धुतले, पेटी उघडली आणि हॉलच्या झडपेसमोर मीटर धरलं. आकडा निम्म्याहूनही खाली. शिडीवर चढून त्यांनी यंत्राचं झाकण काढलं, टॉर्च मारला. “बर्फ आहे,” ते म्हणाले.

“बर्फ!” काका जावयाकडे वळले. “ऐकलंत? आम्ही इथं होरपळून राहिलो आणि यंत्र आत बर्फाचा गोळा खाऊन राहिलं. सोनकुसरे, ही चोरी आहे. सरळ चोरी. माझ्या खात्यात असता ना, तर काळ्या यादीत टाकलं असतं.”

“काका, मी तुमचे…” भाऊ पुढं आले. “मी पुन्हा सगळं काढून बसवून देतो. एक पैसा नका देऊ.”

“द्यालच! ते तर द्यावंच लागेल! तायडे, लिहा तुम्ही. नापास.”

तायड्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला ते टोपण काढणं असह्य झालं. मी उठले आणि पॅसेजकडे निघाले.

“तिकडे नको, सोवळं…” माधवी म्हणाली. मी थांबले नाही.

परतीची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर एक मोठा लाकडी पाट उभा टेकवलेला होता, आणि पाटाच्या कडेनं राहिलेल्या फटीत पिळलेला पंचा कोंबलेला. शेजारी, देवघराच्या कमानीशी, जाळीपासून हातभरावर, समई तेवत होती. ज्योत ताठ. काकू तिच्यात तेल घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पळी तशीच धरली.

“काकू! हे तुम्ही…”

“हळू बोल. जावई आहेत.”

“रोज लावता हा पाट?”

“मग काय करू? अखंड दिवा आहे, महिन्याचा. तुमची ती जाळी त्याला ओढते. पहिल्या दिवशी रात्रभर हात धरून बसले मी.”

“काचेची चिमणी लावायची!”

“दोन तडकल्या.”

“मग दिवा दुसरीकडे…”

“अखंड दिवा हलवतात का गं?” त्या मलाच अडाणी ठरवून म्हणाल्या.

“मग आम्ही येतो तेव्हा पाट कुठे असतो?”

“पाहुणे यायचे म्हटल्यावर आवरून ठेवायला नको? तुम्ही निघालात असा फोन आला, की काढते. मग दिवा आणि जाळी यांच्या मध्ये आपलंच अंग आड धरून बसते, तुम्ही जाईपर्यंत.”

मी भिंतीला टेकले. एवढे दिवस. शिडी, डबी, चार वेळा केलेलं गणित. आणि घर आवरणारी एक बाई. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण त्या सोवळ्यात होत्या, आणि जावई होते, आणि नागपुरात त्या दिवशी सगळ्याच गोष्टींना काहीतरी कारण होतं.

“काकांना माहीत आहे?”

“त्यांनी यंत्राला हात लावायचा नाही असं सांगून ठेवलं आहे.”

“काकू, बाहेर तो माणूस लिहितो आहे. त्यानं नापास लिहिलं, की भाऊंचं नाव यादीतून गेलं. मग त्यांना काम मिळणार नाही. दुकान बंद होईल त्यांचं. दोन कामगार आहेत, मी आहे.”

“दुरुस्त करून दिलं तरी?”

“तरी.”

“आणि मी लावला म्हणून सांगितलं तर?”

“मग तुमची सवलत जाईल. भाऊ राहतील.”

बाहेर काका म्हणत होते, “मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे यांच्या लक्षात राहील.”

काकूंनी पळी ठेवली. पंचा ओढून काढला, पाट उचलला आणि तो दोन्ही हातांत धरून त्या हॉलमध्ये गेल्या. मी मागोमाग.

“हा मी लावला होता, त्या जाळीला,” त्या तायड्यांना म्हणाल्या. “रोजच लावते. तसं लिहा.”

मग काका हसले, अगदी मोठ्यानं. “हिला काय कळतं त्यातलं! अहो तायडे, ही पोरगी आत जाऊन हिला काहीबाही शिकवून आली. पाट! पाटानं कुठं यंत्र बंद पडतं?”

“पडतं,” तायडे म्हणाले.

“ते जाऊ द्या. हिनं काही लावलं नाही. माझ्या घरात मला न विचारता टाचणी हलत नाही. बिघाड यंत्रात आहे.”

“बाबा…” माधवी म्हणाली.

“तू गप्प बस. सवलत जाते कळतं का तुला?”

तायड्यांनी चष्मा नीट केला. “साहेब, वहिनी म्हणतात लावला, तुम्ही म्हणता नाही. मी आलो तेव्हा जाळी मोकळी होती. मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहू शकतो. आणि मी पाहिला तो बर्फ.”

भाऊ मान खाली घालून उभे होते. “राहू द्या काकू,” ते म्हणाले. “लिहा साहेब तुम्ही.”

“थांबा,” काकू म्हणाल्या. “जाळी मोकळी ठेवली तर यंत्र नीट चालतं, हे डोळ्यांनी पाहिलं तर लिहाल?”

“बर्फ वितळू द्यावा लागेल. नुसता पंखा चालवायचा, मग थंड करायचं. आणि जाळीसमोर काहीही नको. पाट नको, माणूस नको.”

“चला मग.”

आम्ही सगळे पॅसेजमध्ये उभे राहिलो. भाऊंनी बटण फिरवलं. जाळीनं श्वास घ्यायला सुरुवात केली, आधी हळू. बर्फ सुटत गेला तसा जोरानं. समईची ज्योत एका अंगाला कलली. काकू कमानीच्या आत, दूर, भिंतीला टेकून बसल्या. हात मांडीवर.

“आई, हात तरी धर,” माधवी म्हणाली.

“काही नको म्हणाले ते.”

ज्योत आडवी झाली, परत उठली, पुन्हा आडवी झाली. तेलात तडतडली. काकांनी एकदा पाऊल पुढं टाकलं आणि तायड्यांकडे पाहून मागं घेतलं. मला वाटलं, वात जड आहे, टिकेल. मी मनातल्या मनात वेग आणि अंतर यांचा हिशेब मांडू लागले होते. पण तेवढ्यात ती गेली. साधी, आवाज न करता. धुराची एक रेघ सरळ जाळीत ओढली गेली.

काकू विझलेल्या वातीकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे.

“तू फीत घेऊन भिंती मोजायला आली होतीस ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी इथंच बसले होते.”

राग नव्हता त्यांच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं. मला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं: खिडक्यांची मापं, भिंतींची जाडी, छतावर किती तास ऊन पडतं, घरात माणसं किती. सगळं मी काकांना विचारलं होतं आणि काकांनी चोख सांगितलं होतं. काकूंनी पन्हं आणून दिलं होतं.

तायड्यांनी वेळ पाहिली, भाऊंना खूण केली. थंड हवा सुरू झाली. मीटर धरलं गेलं, जाळीशी, मग हॉलमध्ये, मग आतल्या खोल्यांत. ते परत आले. “आकडा बरोबर आहे,” ते म्हणाले. “यंत्र उत्तीर्ण. ग्राहकाने परतीची जाळी झाकली, म्हणून सवलत रद्द. ग्राहकाची सही लागेल.”

त्यांनी कागद आणि पेन काकांपुढं धरलं.

काकांनी पेन घेतलं नाही. ते समईकडे पाहत होते. “सही केली नाही तर?”

“तर वाद आहे असं लिहावं लागेल. मग निकाल लागेपर्यंत सोनकुसऱ्यांचं नाव यादीतून खाली.”

“मग तसंच लिहा.” पण आवाजात मघाचा जोर नव्हता. “एवढा खर्च केला आहे मी. असा एका पाटापायी…”

“बाबा,” श्रीरंगराव म्हणाले.

जेवायला बसल्यापासून त्या माणसानं उकडतं आहे याखेरीज एक शब्द काढला नव्हता. त्यांच्या हातात अनारशांची ती ताटली अजून होती. कुठं ठेवावी हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते घेऊन उभे होते.

“बाबा, आज मी जे मागीन ते द्यायचं असतं ना? आई मघाशी म्हणत होत्या.”

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. “हो,” ते म्हणाले. “रीत आहे.”

“मग सही करून टाका.”

काकांनी पेन घेतलं. कागद भिंतीला टेकवून, उभ्यानं, कार्यकारी अभियंत्याची लांबलचक सही केली. शेवटची रेघ इतकी जोरात ओढली, की कागदाला भोक पडलं. मग ते कोणाकडे न पाहता काडेपेटी आणायला स्वयंपाकघरात गेले. ती कुठं असते ते त्यांना माहीत नव्हतं. आतून एकामागून एक डबे उघडल्याचे आवाज येत राहिले, शेवटी काकूच उठल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पत्रा, कात्री आणि कामगार घेऊन दारात हजर. मीही फीत घेऊन गेले होते. काका हॉलमध्ये होते, पण या म्हणाले नाहीत आणि टोमणाही मारला नाही.

भाऊ थेट देवघराशी गेले आणि फरशीवर बसले. “काकू, ही जाळी बुजवून दुसरीकडे काढायची आहे. कुठं काढू?”

“मला काय विचारता? तुम्हीच ठरवा. तुमचं गणित असेल काहीतरी.”

“गणित या करतील मागून. तुम्ही जागा सांगा.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फीत पुढं केली नाही, नुसती हातात धरून उभी राहिले. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि घर फिरायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, नको म्हणाल्या. निजायच्या खोलीत गेल्या, पलंगाच्या डोक्याशी हात लावून पाहिला, नको. माधवीची जुनी खोली. जिना. जिथं जिथं थांबत, तिथं खालपासून वरपर्यंत भिंत न्याहाळत, जणू ती त्यांनी प्रथमच पाहिली. काका आमच्यामागून, चार पावलं अंतर ठेवून, येत होते.

शेवटी त्या हॉलमध्ये आल्या, आणि काका रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसत त्या आरामखुर्चीच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवला.

“इथं.”

मी मनातल्या मनात नळीचं अंतर मोजलं. जमत होतं. खरं तर आधीच्यापेक्षा बरंच होतं.

“इथं?” काका पुढं आले. “अगं, कानाशी दिवसभर घोंघावत राहील ते!”

“राहील,” काकू म्हणाल्या, आणि भाऊंना पिण्याचं पाणी आणायला आत गेल्या.